अंजिराचं ऑपरेशन

"अगं, पाणी आत जातच नाहीये!"

ग्रंथपालांनी तिसरा मग कुंडीत ओतला आणि तिसऱ्यांदा तो कडेवरून वाहत त्यांच्याच पायावर आला. माती दगड झाली होती. त्यांनी पेन्सिल खुपसून पाहिली, तर पेन्सिल मोडली.

गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे, तीन बोन्साय उभी होती: डाळिंब, लिंबू आणि अंजीर. मेहुणे वर्षभरासाठी मुलीकडे राहायला गेले तेव्हा ही तिन्ही झाडं त्यांनी ग्रंथपालांच्या हवाली केली होती. निवृत्त माणसाला तेवढंच काम. पण जाडजूड पुस्तक हौसेने घरी आणावं आणि उद्यापासून वाचू म्हणत कपाटावर टाकावं, तसं त्या झाडांचं झालं. आता मेहुण्यांचं परत येणं पंधरा दिवसांवर आलं होतं आणि झाडांनी माना टाकल्या होत्या. त्यातलं अंजीर तर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लावलेलं, चाळीस वर्षांचं.

आरडाओरडा ऐकून त्यांच्या पत्नी, सिस्टर, बाहेर आल्या. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची आणि घाबरले की ग्रंथपालही.

"किती दिवस हे असं आहे?"

"तसं नक्की नाही सांगता येणार, सिस्टर."

"बाबांचं झाड आहे हो ते," त्या हळूच म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर ग्रंथपालांनी निभावून नेलं असतं. या हळू आवाजाने मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीही होवो, हे झाड वाचवायचंच, असं त्यांनी तिथेच ठरवलं आणि नर्सरीवाल्याला फोन लावला.

"कुंडी बदलायची? आत्ता, या उन्हाळ्यात?" नर्सरीवाला किंचाळला. "अहो, थंडी सरताना करतात ते काम! आत्ता मुळं कापलीत तर झाड जाईल."

"आणि नाही कापली तर?"

"तरी जाईल."

सिस्टरनी फोन हिसकावून घेतला. "कापली तर नक्की जाईल, की बहुतेक जाईल?"

"बहुतेक."

"बास. एवढं पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक निवृत्तीनंतर ग्रंथपालांनी पहिल्यांदाच पाहिली.

अर्ध्या तासात जेवणाच्या टेबलाचं थिएटर झालं. टेबलावर धुतलेली चादर, वर अभ्यासाचा दिवा, शेजारी नव्या कुंड्या आणि माती. उकळलेली हत्यारं ताटात ओळीने मांडली गेली आणि सिस्टरनी ती दोनदा मोजून कॅलेंडरच्या मागे लिहिली: कात्र्या तीन, चिमटे चार, विणायच्या सुया दोन, काटाचमचा एक, ब्रश एक, पक्कड एक. एकूण बारा.

"हे कशाला?" ग्रंथपालांनी विचारलं.

"बंद करताना पुन्हा मोजायचं. बारा भरले तरच बंद. घ्या कात्री."

"मी? अगं, मला पाव सरळ कापता येत नाही!"

"हत्यार हातात द्यायचं काम माझं. चालवायचं नाही. चौतीस वर्षांत चालवलं नाही, आता या वयात चालवू?"

ग्रंथपालांनी बोन्सायचं पुस्तक उघडून समोर उभं केलं आणि डाळिंबाला हात घातला. डाळिंब सुटलं, लिंबूही सुटलं. मुळांचं भेंडोळं सुईने सोडवायचं, निम्मं कापायचं, नवी माती भरायची. तिसऱ्या मुळानंतर कात्री सरळ चालू लागली. पाचव्यानंतर ते नुसता तळवा पुढे करून "कात्री!" म्हणू लागले आणि कात्री तळव्यावर टपकन पडू लागली.

अंजिराचं पहिलंच मूळ कापलं आणि पांढरा चीक भळाभळा वाहू लागला.

"सिस्टर! सिस्टर, हे काय झालं?"

"खाली बघू नका. मोठा श्वास घ्या. राख दाबते मी. तुम्ही पुढचं कापा, थांबू नका!"

ग्रंथपाल घामाघूम झाले, पण थांबले नाहीत. चार वाजता तिन्ही झाडं नव्या कुंड्यांत उभी राहिली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोला नमस्कारच ठोकला.

"अकरा," मागून आवाज आला.

"काय अकरा?"

"बारीक चिमटा नाहीये. आत राहिला."

टेबलाखाली शोधलं, चादर झटकली, कचऱ्याची पिशवी जमिनीवर ओतली. चिमटा नाही. ग्रंथपालांनी पुन्हा नर्सरीवाल्याला फोन केला.

"पुन्हा उघडताय? आज एकदा मारलंत ते पुरे नाही झालं?" तो हतबल होऊन म्हणाला. "अहो, झाड आहे ते! राहिला आत चिमटा तर काय पोट दुखणार आहे त्याचं?"

"माझ्या थिएटरातून आजवर कोणी चिमटा घेऊन बाहेर गेलेलं नाही," सिस्टरनी सांगितलं आणि फोन ठेवला.

डाळिंब उघडलं, त्यात नव्हता. लिंबातही नव्हता. उरलं अंजीर. ग्रंथपालांना वाटलं, हात जोडावेत, पाया पडावं, पण सिस्टरनी कुंडी पालथी केलीसुद्धा होती. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि दोघंही थबकले. खोडाच्या बरोबर खाली, मुळांच्या आड, जुन्या मातीचा मुठीएवढा गोळा तसाच राहिला होता. भोवतीची मुळं काळी पडून कुजली होती. नुसत्या वासावरून सिस्टर म्हणाल्या, "हे राहिलं असतं तर आठवडासुद्धा काढला नसता यानं."

"काळी मुळं किती कापायची असतात?"

"तुमचं पुस्तक बघा की."

ग्रंथपालांनी घाईघाईने मिटून ठेवलेलं पुस्तक उघडलं. आतून बारीक चिमटा टेबलावर पडला.

"पान दुमडायचं नसतं ना," ग्रंथपाल म्हणाले. "हाताला जे लागलं ते खूण म्हणून घातलं."

सिस्टरनी चिमट्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग त्या काळ्या गोळ्याकडे पाहिलं. "बारा," त्या म्हणाल्या. "कापा."

त्या दिवसापासून न्हाणीघर हा अतिदक्षता विभाग झाला. तिथे सावली होती, गारवा होता. आंघोळीचा निकाल आता दोन तांब्यांत आणि उभ्या उभ्या लागायचा. सिस्टर दर तीन तासांनी झाडांवर पाणी फवारून तक्ता भरायच्या. पहिल्या दिवशी अंजिराची सोळा पानं गेली, दुसऱ्या दिवशी एकवीस. आठव्या दिवशी तिन्ही झाडांवर मोजायला काही उरलं नाही. ग्रंथपालांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मेहुण्यांसमोर बोलायची वाक्यं ते आरशासमोर घोकू लागले. "दादा, सगळी चूक माझी" पर्यंत यायचे आणि पुढचं विसरायचे.

पंधराव्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून किंकाळी आली. सिस्टर हातातलं पातेलं टाकून धावल्या.

"आलं! अगं, आलं! हे बघ, टोकाला! हिरवं!"

अंजिराच्या सर्वांत बारक्या फांदीवर, सुईच्या टोकाएवढा, एक कोंब फुटला होता. ग्रंथपाल अर्ध्या आंघोळीत, साबणासकट नाचत होते आणि चौतीस वर्षांत कुठल्याही पेशंटसमोर न रडलेल्या सिस्टर न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून पदराने डोळे पुसत होत्या. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

मेहुण्यांना सरळ न्हाणीघरातच नेण्यात आलं. ते तीन बोडक्या झाडांकडे बघत राहिले. "दादा, सगळी चूक माझी," ग्रंथपाल म्हणाले. "माती दगड झाली होती, माझं लक्ष नव्हतं, म्हणून भर उन्हाळ्यात..."

"तुम्ही अंजिराची कुंडी उघडलीत?"

"दोनदा."

मेहुणे बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "माती एका वर्षात दगड नाही होत हो. बारा वर्षं झाली, मी ती कुंडी उघडलेली नाही. दरवर्षी कात्री घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. माझ्या हातून बाबांचं झाड गेलं तर, म्हणून हिंमतच होत नव्हती."

"मग आमच्याकडे कशाला आणून ठेवलंस?" सिस्टरनी विचारलं.

मेहुण्यांनी मान खाली घातली. "म्हटलं, जायचंच असेल तर यांच्या हातून जाऊ दे."

ग्रंथपालांना खरं म्हणजे संताप यायला हवा होता. पण त्यांच्या छातीवरचा धोंडा असा गडगडत उतरला, की मेहुण्यांना मिठी मारावी की काय, असंच त्यांना वाटलं. मेहुण्यांनी मात्र डोळे पुसले, कोंबाकडे पुन्हा एकदा कौतुकाने पाहिलं आणि कुंडीला हात घातला. "चला, आता घरी घेऊन जातो याला."

सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही."

"अगं, मग कधी नेऊ?"

"मला काय विचारतोस, दादा? ते ठरवणं माझं काम नाही. डॉक्टरांना विचार."

ग्रंथपाल चटकन मागे वळले. आपल्या नकळत कोण डॉक्टर घरात आले ते त्यांना दिसेना. मागे नुसती भिंत होती आणि तिच्यावर टांगलेला टॉवेल. ते परत वळले, तर भाऊ-बहीण दोघंही त्यांच्याकडेच बघत होते. तेव्हा त्यांनी अंगावरचा साबण पुसला, घसा साफ केला आणि पेशंटला अजून सहा महिने इथेच ठेवावं लागेल, असं सांगितलं.