पेंढ्याच्या पोत्यावरचं माप

शहापुरात नारायणदादांकडे गाडीच्या सीटा करायला आलेल्या माणसाला आधी भाताच्या पेंढ्याने भरलेल्या पोत्यावर बसावं लागतं. साहेब असो, सरपंच असो. दोन मिनिटं बसायचं, हलायचं नाही. मग त्याला उठवून दादा पोत्यावर पडलेला खड्डा वितीने मोजतात आणि तसा फोम कापतात. "माप गाडीचं नाय घ्यायचं, बसणाऱ्याचं घ्यायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

खड्ड्यावरून माणूसही ओळखतात. एका वकिलाला म्हणाले, "पाकीट डाव्या खिशात ठेवता, म्हणून डावी कंबर धरते." वकिलाने तिथल्या तिथे पाकीट उजवीकडे घातलं. "आता उजवी धरंल," दादा म्हणाले.

मी त्यांच्याकडे शिलाई मशीनवर आहे. घर लांब, हिंगोलीकडे, बायको-मुलं तिथेच. आठवीत शाळा सोडलेल्या मला दादांनी काही न विचारता कामावर घेतलं. म्हणून तर चुकायची फार धास्ती. एक चूक झाली की "जा बाबा तू" म्हणतील, असं चार वर्षं रोज वाटतं.

तर मुरबाडच्या काशिनाथची जुनी फियाट आली. वडिलांच्या हातची. याने तिला नवं इंजिन, रुंद टायर आणि पुढे शर्यतीच्या गाडीसारख्या खोल सीटा बसवलेल्या. आई एकदा त्यात बसली, तर तिला दोघांनी ओढून काढावं लागलं. तेव्हापासून म्हातारीने गाडीचं नाव टाकलं होतं. "आईला हिच्यातनं डोळखांबला माहेरी न्यायचीय," काशिनाथ म्हणाला.

दादांनी सीटा उपटल्या, छताचं कापड बदललं, दारांना तपकिरी रेक्झिन चढवलं. डॅशबोर्डखालचे निळे दिवे बघून एवढंच म्हणाले, "गाडी हाय का वरातीतला बँजो?"

काशिनाथच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, पोत्यावर बसवून माप पाडलं. "आखून फोम काप," असं मला सांगून दादा रेक्झिन आणायला कल्याणला गेले. मी आधी डबा उघडला आणि सवयीने टेकलो, ते नेमका त्याच पोत्यावर. अर्धी भाकरी खाल्ल्यावर कळलं. उठलो, दिसला तो खड्डा आखला, फोम कापला आणि तोंड मिटून राहिलो.

चौथ्या दिवशी मावशी नव्या सीटवर बसल्या आणि हळूहळू पुढे घसरल्या. "काशा, ही तर मला भायेर ढकलते रे."

दादांनी कव्हर उसवलं. फोमवरून तळवा फिरवला.

"मावशे, हा तुझा खड्डा नाय गो. सगळा पुढच्या काठावर हाय. उठून पळायच्या बेतातला माणूस असा बसतो."

आणि माझ्याकडे बघितलं.

"दादा, मी जेवायला टेकलो होतो," मी म्हणालो. "सामान आवरू का?"

"कसलं सामान? पोतं आण."

संध्याकाळपर्यंत नवी सीट झाली. मावशी बसल्या, मागे टेकल्या, चपला काढून पाय लांब केले. काशिनाथने विचारलं, "बरं वाटतं ना?" तर म्हणाल्या, "इचारतोस काय, गाडी काढ."

चुकलेला फोम मी टाकायला काढला होता, तो दादांनी ठेवून घेतला. पुढचा काठ भरला, मागे खोल केला, फियाटच्या उरलेल्या रेक्झिनने मढवला आणि पाठ असलेल्या एका जुन्या खुर्चीवर ठोकून ती माझ्या मशीनपाशी आणून ठेवली. तोवर मी तेलाच्या डब्यावर बसत होतो.

"चार वर्षं बघतोय," दादा म्हणाले, "तू अजून बसलाच नायस."

शिवता शिवता मी अजूनही पुढे सरकतो. दादा येता-जाता खांद्यावर हात ठेवतात आणि मला मागे टेकवतात.