हसतमुख कर्मचारी येथे राहतो

पंख्यांच्या कंपनीने आपल्या प्रत्येक माणसाच्या घराच्या दारावर पाटी ठोकली, त्याला दोन महिने झाले होते. ‘येथे आमचा हसतमुख कर्मचारी राहतो. वागणुकीबद्दल तक्रार असल्यास कळवा.’ खाली फोन नंबर आणि पत्ता. माणूस सुट्टीच्या दिवशीसुद्धा कंपनीचा चेहरा असतो, असं मोठ्या साहेबांचं म्हणणं. भाजीवाल्याशी हुज्जत घातली म्हणून पॅकिंगमधला एक जण कायमचा घरी बसला होता. तेव्हापासून तक्रार विभागातला कारकून बायकोशीसुद्धा कुजबुजत भांडत असे.

पण त्या रविवारी त्याचा तोल गेलाच. त्याने कुंड्यांना घातलेलं पाणी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या धुण्यावर पडलं, आणि मास्तर तरातरा जिना चढून वर आले.

“डोळे फुटलेत का हो?”

“दोरी आत घ्या की! बाहेरची हवा काय तुमच्या...” कारकुनाने जीभ चावली, पण उशीर झाला होता. मास्तरांनी शांतपणे चष्मा पुसला आणि पाटीवरचा पत्ता उतरवून घेतला.

सोमवारी लेखी तक्रार आली, ती अर्थात त्याच्याच टेबलावर. रजिस्टरात नोंद झालेली, त्यामुळे फाडायचीही सोय नव्हती. बिचारा ती घेऊन साहेबांच्या खोलीत गेला.

“तुम्ही? तक्रार विभागाचा माणूस?” साहेब कडाडले. “कुंपणच शेत खायला लागलं! उद्यापासून येऊ नका.”

“साहेब, शेवटची ओळ वाचायची राहिली.”

साहेबांनी वाचली. ‘सदर इसम चोवीस तास आपलाच असल्याने त्याने चिखलाने बरबटवलेले माझे चार सदरे आपण धुऊन, इस्त्री करून द्यावेत. यापुढेही दर रविवारी माणूस पाठवावा.’

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. “अहो, आपली सहाशे माणसं आहेत. सगळ्यांचे शेजारी धुणी घेऊन गेटवर उभे राहतील!”

“हो साहेब.”

“घ्या लिहून. कामाची वेळ संपल्यावर कर्मचारी काय करतो, याच्याशी कंपनीचा काडीचाही संबंध नाही.”

“काडीचाही?”

“ठळक लिहा! आणि त्या पाट्या उतरवा आधी.”

कारकुनाने इतक्या वळणदार अक्षरात आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. शिक्का तर त्याने दोनदा मारला.

संध्याकाळी ते पत्र त्याने स्वतःच मास्तरांच्या दारात नेऊन दिलं. मास्तरांनी ते सावकाश वाचलं, मग घड्याळाकडे पाहिलं. सव्वासात.

“म्हणजे आत्ता तुम्ही कंपनीचे नाही?”

“काडीचाही नाही.”

“छान. मग काल हवेबद्दल काय म्हणत होता?”

कारकुनाने बाह्या वर सारल्या, घसा खाकरला आणि सुरुवात केली. वरच्या मजल्यावरून लगेच बायकोची हाक आली, “अहो, जरा मोठ्यानं बोला! मला स्वयंपाकघरात काही ऐकू येत नाही.”