आठवण काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी

सुरतजवळच्या उधन्याच्या विजयरावांच्या नातवाला दूध पिताना उचकी लागली, ही तशी किरकोळ बाब होती. पण विजयराव बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले असल्यामुळे ती किरकोळ राहू शकली नाही.

विजयरावांच्या पत्नी शैलजाताईंनी रिवाजाप्रमाणे दुपट्याचा दोरा ओला करून बाळाच्या कपाळावर ठेवला. पण सुरतेच्या घरात दोरा निघणार पॉलिस्टरचा. तो भिजेना, चिकटेना, घसरून नाकावर आला.

"कुणीतरी आठवण काढतंय," त्यांनी निदान केलं.

"कोण?" बाहेरून विजयरावांनी विचारलं.

"आई, डॉक्टर म्हणाले, निवांत पिऊ द्या आणि उभं धरून ढेकर काढा. बस," बाळाची आई अमृता म्हणाली.

"सूनबाईंचा अभिप्राय नोंदवून घेतला," असं म्हणत विजयरावांनी पोराला शैलजाताईंकरवी बाहेर मागवून घेतलं. चौकशीला संबंधित व्यक्ती हजर हवी.

जळगावच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लागला.

"वत्सला, आत्ता बाळाची आठवण काढलीस?"

"दादा, मी भांडी घासत होते."

"घासताना मनात काय होतं?"

"भांडीच रे."

चौकशी संपेपर्यंत पोर भुकेनं कळवळलं. परत पाजायला घेतलं, तर अधाशासारखं दुधाबरोबर हवाही गिळू लागलं. साहजिकच पुन्हा उचकी. साहजिकच पुन्हा चौकशी. काही दिवसांनी दवाखान्यात काट्यावर ठेवलं, तर वजन जिथल्या तिथे. अमृताच्या डोळ्यांत पाणी आलं. विजयरावांच्या डोळ्यांत चमक आली.

"बघा, आठवणींनी पोर पोखरलं जातंय."

मग फॅमिली ग्रुपवर परिपत्रक निघालं: बाळाची आठवण काढायची असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी. कारण सबळ असावं. 'उगाच' हे कारण ग्राह्य धरलं जाणार नाही. गोडादऱ्याच्या मावशीनं टोपरं विणायला घेतलं होतं, खुलासा मागवताच तिनं ते उसवून टाकलं. बाळाच्या बापानं, परागनं, पलसाण्याच्या कारखान्यातून फोन करून "बाळ मजामां ने, मजेत ना?" एवढंच विचारलं. त्याला समज देण्यात आली.

बारशाला हॉल सजला, पाळणा सजला, जिलेबी आली. घरच्यांखेरीज माणूस आलं नाही. नाव ठेवायचा मान परागच्या आत्याचा, तीच नाही, तेव्हा विजयरावांनी जळगावला फोन लावला.

"यायचं तर आधी आठवायला लागलं असतं, दादा," वत्सलाबाई थंडपणे म्हणाल्या. "मंजुरी कुठं आली होती?"

विजयराव रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले. चौकशी करायला कुणी उरलंच नव्हतं. तेवढ्यात पडद्याआड अमृतानं पोराला घेतलं, घाई न करता पाजलं, खांद्याशी उभं धरून पाठ थोपटली. खणखणीत ढेकर आला. उचकी नाही.

"यंत्रणा यशस्वी," विजयराव म्हणाले.

आणि पोरानं उचकी दिली.

नातेवाईक तर सगळे निर्दोष. विजयरावांनी हळूच मान वर केली. म्हणजे घराबाहेरचं कुणीतरी, ओळख ना पाळख, मंजुरी तर नाहीच, मघापासून बसून या पोराचाच विचार करतंय.

पोराचं अजून अर्धं पोट भरायचं आहे. वाचून झालं असेल तर विसरा बघू आता. विजयराव तुमचा नंबर शोधताहेत.