पाण्याखालचं अंगण

टेंभी नाक्यामागच्या त्या खोलीसाठी परशुरामाने मासे सोडले होते. चिपळूणकडच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, हे चिपळूणकडच्यालाच विचारावं! पण करतो काय बिचारा? लग्नाला दीड वर्ष झालं तरी बायको गावाला आणि हा ठाण्याला, कचेरीतल्या मित्राच्या पडवीत, अशी गत. तेव्हा घरमालक दामूअण्णा म्हणाले, "मासळी नाही, मटण नाही, अंडं तर नाहीच नाही. वास आला की येत्या रविवारी खोली खाली." परशुरामाने देवापुढे हात जोडून कबूल केलं, आणि शेवंती आली.

वर्ष बरं गेलं. मग मुंबईला नवं मत्स्यालय उघडलं, ते पाहून परशुरामाचा जीव कासावीस झाला. खायचे नाहीत तर निदान बघायचे तरी, म्हणून त्याने काचेची पेटी आणि चार लाल मासे आणले. दामूअण्णा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर सरकवून विचार केला आणि निकाल दिला, "पाहण्याबद्दल काही ठरलेलं नाही. पाहा."

पेटी विकणाऱ्याने सांगितलं होतं, तळाला थोडी माती, वर वाळू, त्यात पाण्यातली झाडं लावा. हे 'थोडी' शेवंतीला पटेना.

"अहो, एवढ्याशा मातीत कोथिंबीर तरी रुजेल का?"

तिने तलावाकाठची काळी माती चांगली वीतभर भरली आणि सढळ हाताने शेणखत कालवलं. आता माती भुसभुशीत राहिली तर पाणी गढूळ होणार. यावर कोकणातल्या माणसाला एकच उपाय ठाऊक! दिवाळीआधी अंगण चोपतात तशी परशुरामाने ती माती कपडे धुवायच्या धोपटण्याने चोपायला घेतली. काच फुटेल म्हणून हळूहळू, पण दोन तास. वरून शेवंतीने सारवलंसुद्धा. मग त्या टणक जमिनीत भोकं पाडून झाडं खोचली, वाळू पसरली, पाणी ओतलं. पाणी असं नितळ, की दोघं जेवण विसरून बघत बसली.

तिसऱ्या आठवड्यात घरात वास सुटला. साधासुधा नाही, कुजक्या अंड्याचा! परशुरामाने मोरी घासली, उंदीर मेला असेल म्हणून ट्रंका हलवल्या. शेवंतीने धूप घातला, तर तो त्या वासात मिसळून आणखीच भयंकर झाला. मासे मात्र सारखे वर येऊन तोंडं उघडत होते.

"बघ, ओळखायला लागले मला," परशुराम म्हणाला.

गुरुवारी सकाळी दामूअण्णा नाकाला पंचा लावून दारात. मागे त्यांची बायको विमलाबाई.

"परशुराम, अंडं कुठाय?"

"आईशप्पथ अण्णा, नाही हो!"

"मग एवढा धूप कशाला? चोराच्या मनात चांदणं!"

अण्णांनी तांदळाचा डबा पाहिला, लोणच्याची बरणी पाहिली, देव्हाऱ्यामागेही वाकून आले. काही सापडलं नाही. "म्हणजे खाल्लंत. रविवारी खोली खाली!"

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी परत गावाला नाही हां जायची," ती हळूच म्हणाली. ठाण्यात दुसरी खोली काय झाडाला लागली होती?

तेवढ्यात माजिवड्याची आवडाबाई भाजीची पाटी घेऊन दारात आली. तिच्या घरचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या मिठागरांचा. तिने दारातूनच नाक फुलवलं.

"कोन मेला अंड्याचा वास म्हन्तंय? यो चिखलाचा वास हाय! दाबून बसलेला चिखल, त्याला वारा नाय मिलत. मंग तो आतल्या आत कुजतं न वास धरून बसतं." ती पेटीपाशी वाकली. "अरे देवा! यो मासं गुदमरतान ना! आदी त्यांना भायेर काढा."

मासे ताज्या पाण्याच्या घागरीत गेले. आवडाबाईने शेवंतीची विणकामाची सुई घेतली आणि मातीत हळूच खुपसली. लिंबाएवढा बुडबुडा डुचमळत वर आला आणि फुटला. वासाने सगळे भिंतीला चिकटले!

"निम्मी माती काढून टाका. उरली ती चोपू नका, रोज थोरं थोरं सुईनं टोचा. न शेतातल्या लांबट गोगलगाई सोरा, त्या माती उकरतान. वास धरनारच नाय."

"पाहिलंत ना अण्णा?" परशुरामाला रडू कोसळायचंच बाकी होतं.

पण ऐकतील ते शिरस्तेदार कसले? "मला चिखल शिकवता? अहो, ताज्या अंड्याला वास नसतो. उकडलं की जरासा येतो, तोही सोलताना. कांदा-मिरची घालून पोळी केली तर वास वेगळा, खमंग असतो. आणि फुटकं दोन दिवस राहिलं, की..."

अण्णा एकदम थांबले.

"कांदा घालून कसा असतो म्हणालात?" विमलाबाईंनी विचारलं.

"ऐकीव गं... कोर्टातले लोक सांगायचे."

"सोलताना येतो, हेसुद्धा?"

अण्णांनी पंचा पुन्हा नाकाला लावला. विमलाबाई शेवंतीकडे वळल्या. "तू कुठे जाऊ नकोस गं. घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलंय." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही चला घरी."

रविवारी सकाळी परशुराम सुईने माती टोचत बसला होता. वास पार गेला होता, मासे तळाशी खुशाल हिंडत होते. दारावर थाप पडली. दार उघडलं तर बाहेर दामूअण्णा, काखेत वळकटी.

"परशुराम, चार दिवसांचाच प्रश्न आहे. ती जरा शांत होईपर्यंत तुमच्याकडे पडलो तर..."

परशुराम फार ओशाळला. वडीलधारा माणूस दारात उभा, नाही तरी कसं म्हणावं?

"जागा आहे हो अण्णा," तो कळवळून म्हणाला, "पण बाहेरचा माणूस ठेवायचा, तर मालकीणबाईंना विचारायला हवं."