दोन व्हॉल्व्हचे आप्पा

आमच्या शेजारचे आप्पा पँटला पट्टा लावतात आणि आतून नाडीही बांधतात. पट्टा तुटला तर नाडी आहे, नाडी सुटली तर पट्टा आहे. दोन्ही एकदम गेली तर काय, असं मी एकदा विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "मग सर, त्या दिशी घरातनं भाईरच पडायचं न्हाई."

दाराला दोन कुलपं, उशाशी दोन गजर, बाजारात जाताना पिशवीत दोन छत्र्या. रिक्षात बसल्यावर मागून दुसरी रिकामी रिक्षा चालवत आणायला सांगत नाहीत, एवढाच काय तो संयम. याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. आप्पांचा सगळा जन्म कारखान्यात बॉयलरवर गेला. बॉयलरमध्ये वाफेचा दाब फार वाढला तर ती सोडून द्यायला वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो एक नसतो, दोन असतात. "एक अडकला तर?" हा प्रश्न त्यांना नोकरीत लागला तो लागलाच. मी मोटारसायकल घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकून त्यांनी हेच विचारलं. माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हाही त्यांनी तोंड उघडलं होतं, पण शेजारी त्यांच्या मंडळी, इंदूवहिनी, उभ्या होत्या. त्यांनी डोळे वटारले म्हणून मी वाचलो.

वहिनी गेल्याला आता दोन वर्षं होत आली. आप्पा एकटेच असतात. एकटा माणूस भात उरवतो, तसे आप्पाही उरवतात आणि सकाळी फोडणी देऊन खातात. तक्रार नाही. दिवसभर त्यांना एकाच गोष्टीची ओढ असते, संध्याकाळी सहाची. सहाला ते जुन्या कॉम्प्युटरसमोर बसतात आणि पलूसच्या कुणाशी तरी बुद्धिबळ खेळतात. माझ्या मोबाईलवर त्यांना उंट आणि प्यादं सारखंच दिसलं, म्हणून मोठा पडदा. समोरचा कोण म्हणून विचारलं तर "हाय एक पलूसवाला," एवढंच उत्तर. पण तो डाव मोडलेला त्यांना खपत नाही. सहा ते सात मी त्यांची बेल वाजवत नाही आणि सबंध गल्लीतही कुणी वाजवत नाही.

आता तो कॉम्प्युटर जुना. आठ-पंधरा दिवसांनी एकदा डाव ऐन रंगात असताना गचके खायचा आणि बंद पडायचा. एवढं बहुतेकांना चालतं. आप्पांना ते चालेना. त्यांनी मला विचारलं, "आपलं बंद पडलं की तिकडं काय दिसतंय वो?"

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. खरं ते सांगितलं, "'समोरचा खेळाडू उठून गेला' अशी पाटी येते."

"उठून गेला?" आप्पांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनतरी एक फुकटचा प्रोग्रॅम आणून मशीनमध्ये बसवला. त्याचं काम एवढंच, की दुसरा कुठला प्रोग्रॅम कोसळायला लागला की त्याला मध्येच धरायचं आणि सावरायचं. आप्पा खूश झाले. "व्हॉल्व्ह बसवला," म्हणाले. आणि मग व्हायचं तेच झालं. रात्रभर त्यांना झोप आली नाही आणि सकाळी त्यांनी त्याच कामाचा दुसरा प्रोग्रॅम बसवला. एक अडकला तर?

तेव्हापासून कॉम्प्युटर दिवसाआड बंद पडू लागला.

मी जाऊन बघितलं. भांडण सरळ होतं. पहिला रखवालदार बुद्धिबळाला धरायला हात घालायचा, तेवढ्यात दुसऱ्याला वाटायचं की हाच कुणीतरी चोर आहे. तो पहिल्याला धरायचा. मग पहिला दुसऱ्याला धरायचा. पडद्यावर दोन चौकटी एकमेकींवर चढायच्या. एक विचारायची 'सावरू का?' आणि दुसरी विचारायची 'थांबवू का?' या दोघांच्या मारामारीत बुद्धिबळ बिचारं धडधाकट असताना मरायचं.

"आप्पा, यातला एक काढावा लागेल."

"आवं सर, काय बोलताय? बॉयलरला दोन आसत्यात."

"बॉयलरचे व्हॉल्व्ह आपापली वाफ सोडतात. एकमेकांच्या उरावर बसत नाहीत."

"समजावून सांगा त्यास्नी."

मी एसटीचं उदाहरण दिलं. एका गाडीत दोन कंडक्टर आहेत. एकानं गाडी सोडायला दोन घंट्या दिल्या, त्याच वेळी दुसऱ्यानं थांबायला एक दिली. ड्रायव्हरनं करायचं काय? आप्पांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली, पटलं म्हणाले. मी एक प्रोग्रॅम काढून घरी आलो. दुसऱ्या दिवशी तो परत होता. मी पुन्हा काढला, त्यांनी पुन्हा बसवला. चौथ्यांदा गेलो तर पडद्यावर तिसराच कुणीतरी हिरवा टिळा लावून बसलेला.

"हा कोण?"

"त्या दोघांवर नजर ठिवायला," आप्पा म्हणाले. "मुकादम."

मी कपाळाला हात लावला. माणूस प्रेमळ असला म्हणून त्याचा राग येत नाही असं थोडंच आहे?

मुकादमानं गेल्या आठवड्यात हिसका दाखवला. संध्याकाळी मी चहा घेत होतो, तर आप्पा स्वतःच दारात. पायात चप्पल नाही. "सर, या लवकर. पडलं. चालूच होईना झालंय." जाऊन बघतो तर तिघे रखवालदार मशीन चालू होतानाच एकमेकांच्या झिंज्या धरत होते आणि ते अर्ध्यावरूनच परत मागे फिरत होतं. मी आडवाटेनं आत शिरून एकेकाला काढायला लागलो. त्याला वेळ लागणार होता. आप्पा मागे येरझाऱ्या घालत होते.

"किती येळ?"

"अर्धा तास तरी."

"आवं, माजी पाळी हाय! वजीर तोंडात हाय त्याच्या!"

"आप्पा, खेळ आहे. हरलात तर हरलात."

"हरायचं न्हाई वो काय. हरतो की." मी वळून बघितलं. ते कॉटच्या कडेला बसले होते. "त्येला वाटंल मी उठून गेलो."

मग त्यांनी सांगितलं. पलूसवाला म्हणजे विलास, वहिनींचा धाकटा भाऊ. वहिनी होत्या तेव्हापासून दोघांचा हा डाव चालत आला होता. वहिनींच्या तेराव्याला सगळे पंगतीला बसलेले असताना विलास रडत म्हणाला, दाजी, ताईला दवाखान्यात आधी न्यायला पायजे हुतं. आप्पा भरल्या ताटावरून उठले आणि चालते झाले. त्यानंतर दोघे एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत. पण त्या आठवड्यात एका संध्याकाळी सहाला पडद्यावर प्यादं दोन घरं पुढं सरकलेलं दिसलं. आप्पांनीही आपलं सरकवलं. बोलणं बंद, डाव चालू.

"खरं बोलला हुता त्यो," आप्पा म्हणाले. "नेलं आसतं आधी, तर... म्हणून तर उठलो. ऐकवंना मला. आता परत उठलो आसं वाटलं, तर त्यो कशाला येतोय?"

हसत होतो इतके दिवस, त्याचं वाईट वाटलं. शेवटी म्हटलं, "आप्पा, मशीनला वेळ लागेल. फोन करा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगतोय. पण बटणाचा फोन काढला. नंबर कुठे बघावा लागला नाही. कानाला कमी येतं म्हणून त्यांचा स्पीकर कायम चालू असतो, तेव्हा मलाही सगळं ऐकू आलं. दोन रिंग झाल्या नाहीत तोच तिकडून उचलला गेला.

"इलास," आप्पा म्हणाले, "मी उठलो न्हाई. मशीन बंद पडलंया. मी हितंच हाय."

तिकडं कुठेतरी म्हैस ओरडली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"दाजी," विलास म्हणाला, "जेवलासा का?"

तिन्हीसांजेला कोण जेवतं? पण आप्पांनी तोंडावर पालथा हात धरला, आणि तो काढल्यावर म्हणाले, "न्हाई रं. उद्या येतो तिकडंच. ताट वाढ."