पाणीपट्टीतले दोन रुपये

काका निवृत्त झाले आणि काकूंच्या स्वयंपाकघराची कचेरी झाली. डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले. काकू जपाला बसल्या, की स्वयंपाकघरातून काकांची हाक यायची, "अगं, या बरणीवर तारीख का नाही?" काकू माळ थांबवत आणि देवाची क्षमा मागत.

अशात पाणीपुरवठा कचेरीचा कागद आला: दोन रुपये जादा भरले गेले आहेत, समक्ष येऊन न्यावेत. काकांचा चेहराच उजळला. सारी नोकरी त्यांनी त्याच कचेरीत असे परतावे देण्यात घालवली होती. इस्त्रीचा सदरा चढवून ते निघाले.

"दोन रुपयांसाठी रिक्षाला साठ घालणार?" शेजारीण म्हणाली.

"प्रश्न दोनाचा नाही वहिनी. लोकांचा पैसा कचेरीत राहता कामा नये."

कचेरीच्या खिडकीवरच्या मुलीने कागद वाचून स्वतःची पर्स उघडली. "काका, माझ्याकडचे घ्या ना."

"ते तुझे गं पोरी. मला कचेरीचे हवेत."

मग अर्ज, अर्जाला झेरॉक्स, झेरॉक्सवर साहेबांची सही. साहेब काकांच्याच हाताखाली शिकलेले. चहा आला, जुनी मंडळी आठवली.

"फायलीवर दौत उपडी करून दिवसभर गच्चीत कागद वाळवत कोण बसलं होतं रे?" काकांनी विचारले.

"तुम्हीच, काका," साहेब हसले.

दुसरा चहा आला. संध्याकाळी काका गुणगुणत घरी आले. डब्यांकडे त्यांनी पाहिलेही नाही.

पुढच्या बिलातही दोन रुपये जादा निघाले. पुन्हा सदरा, पुन्हा चहा. तिसऱ्या खेपेला मात्र साहेब चाचरले. "काका, दोन रुपये परत करायला कचेरीचे दीडशे जातात. वरून हुकूम आलाय. पाचापर्यंतची रक्कम आता पुढच्या बिलात वळती करायची. परतावा बंद."

काका अर्धा चहा टाकून उठले. घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. "आता तिकडे जायला काही निमित्तच उरलं नाही बघ."

काकूंनी माळ कपाळाला लावून खाली ठेवली. "पाचापर्यंत म्हणजे, पाच धरून का हो?"

"धरून. सहापासून देतात. का गं?"

"काही नाही. आपलं विचारलं."

पुढचे बिल आले, तशा काकू देवळातून परस्पर भरणा केंद्रावर गेल्या. तिथल्या मुलीने नोटा मोजल्या, चिल्लर मोजली आणि वर पाहिले.

"काकू, या वेळी सहा जास्त आहेत. नेहमी दोनच असतात तुमचे."

काकूंनी पदर सावरला. "महागाई वाढली ना, बाळा," त्या हळूच म्हणाल्या.