डोमाजींच्या इंजिनाला आवतण

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे गावोगाव बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." आमचे शेजारी डोमाजी हे सगळं मोटारीच्या इंजिनाला करत. तेही नुसतं बॉनेट उघडून नव्हे. पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी ते अख्खं इंजिन खोलून बाहेर काढत, अंगणातल्या टिनाच्या छपरीत सागाच्या आडव्या लाकडाला टांगत, आणि त्या संध्याकाळी वाटीत लोणी-हळद कालवून त्याच्या दोन्ही अंगांना चोळत. इंजिन काळंकुट्ट. नाव ढवळ्या.

"ढवळ्या हा, तर पवळ्या कुठं आहे?" मी एकदा विचारलं.

"जोडी फुटली," एवढं म्हणून ते हात पुसत आत गेले. मी ते विनोदावारी नेलं.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत डोमाजी आले ते मोटारीतूनच. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबानं विकलेली जुनी मोटार होती ती. तेव्हा नागपूर मध्यप्रांताची राजधानी असलं तरी आमच्या गल्लीला मोटार नवीनच होती. म्हशी बुजायच्या आणि म्हातारी माणसं ओट्यावरून पाय वर घ्यायची. डोमाजी ती भाड्यानं चालवत. रामटेकच्या यात्रेला, लग्नाच्या वरातीला, कधी एखाद्या वकिलाला कोर्टात. बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. जे काय बोलायचं ते ढवळ्याशीच बोलत.

आम्हां माणसांसाठी त्यांचा एकच प्रश्न होता. फाटकाच्या आत कुणी पाऊल टाकलं की छपरीतून आवाज यायचा, "आवतण होतं का गा तुमाले?" नसायचंच. मग माणूस मुकाट्यानं पाऊल मागं घ्यायचा. पोस्टमन फाटकावरून पत्र फेकायचा आणि दूधवाला फाटकाबाहेरच दूध मापून द्यायचा.

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता, हे मात्र मान्य करायला हवं. एका लग्नात नवरदेवाला त्यांनीच मोटारीतून मांडवापर्यंत आणलं. पंगती बसल्या, उठल्या, आणि हे आपले बाहेर मोटारीत स्टिअरिंग धरून उपाशी बसलेले. मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "डोमाजी, चला ना, पान वाढलं आहे." तर म्हणाले, "भाड्याचं बोलावणं होतं. जेवणाचं कोठी होतं?" शेवटी कुंकू-अक्षता बाहेर आणून रीतसर बॉनेटवर ठेवाव्या लागल्या, तेव्हा स्वारी उतरली. उतरल्यावर जेवले मात्र दोघांचं.

आता इंजिन बाहेर काढणं एक वेळ सोपं, परत बसवणं कठीण. ते दोघांचं काम. एकानं दोर सोडायचा आणि दुसऱ्यानं पलीकडून इंजिन धरून बोल्टांची भोकं जुळवायची. डोमाजी एकटेच. त्यांनी दोराला खांबाचे चार विळखे दिलेले असत. दोर ते एका हातानं थोडा थोडा सोडत आणि दुसऱ्या हातानं इंजिन सांभाळत. पलीकडची बाजू दिसावी म्हणून तिकडे दाढीचा आरसा टांगलेला असे. त्या आरशाशी ते बोलत. "हं, येऊ दे. तिकडं घे जरा. थांब गा, थांब." आरशातला मिशाळ माणूसही तेच म्हणत असे. दोघंही हुकूम सोडायचे आणि ऐकणारा कुणी नसायचा.

आम्ही गल्लीकर फाटकाबाहेर उभे राहून सल्ले द्यायचो. मी तर शाळामास्तर, सल्ला देणं माझ्या अंगातच मुरलेलं.

"डोमाजी, मी येऊन धरतो ना एका बाजूनं."

"नोको, मास्तर. मानूस मंधात आला का काम बिघडते."

आणि काम तरी किती चालावं? एक नट काढायचा, घासलेटमध्ये धुवायचा, उन्हात वाळवायचा, बसवायचा, पुन्हा काढायचा. पोळा होऊन जायचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरून जायची. तोही उलटून गेला की मगच ढवळ्या मोटारीत बसायचा. तोवर कुणी भाडं घेऊन आलं की "इंजिन बाहेर हाये." आणि कुणी विचारलं, "पोळ्याले गावी नाई जात का?" तरीही तेच. "इंजिन बाहेर हाये ना गा. कसा जाऊ?"

त्यांचं गाव कुही. मोटार नसेल तर माणूस पोचणारच नाही असं काही ते विलायतेत नाही. "बैलगाडीनं जा की," असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन दिवस त्यांच्या फाटकाकडे फिरकलो नाही.

आमच्या घरून दर पोळ्याला त्यांना पुरणपोळीचं पान जायचं. ते दोन घरांमधल्या भिंतीवरून. भिंतीवरून दिलं की कुणी कुणाच्या घरी जात नाही, त्यामुळे आवतणाचा प्रश्न येत नाही, हा शोध आमच्या सौभाग्यवतींचा. डोमाजी ताट छपरीत नेत, इंजिनासमोर बसून जेवत, आणि घासून लख्ख केलेलं ताट भिंतीवर ठेवून म्हणत, "वैनी, पुरन झ्याक होतं." सणाच्या दिवशी माणूस लोखंडासमोर बसून जेवतो, हे पाहून मला हसू यायचं. हिला येत नसे.

एका वर्षी पोळ्याच्या तोंडावर भाचीसाठी स्थळ पाहायला मला कुहीला जावं लागलं. स्थळ काही जमलं नाही. परत निघताना मी वाटेवरच्या एका घरी पाणी मागितलं. पाणी घेऊन जो माणूस बाहेर आला त्याला पाहून मी तांब्या घ्यायचाच विसरलो. तोच चेहरा, त्याच मिशा, फक्त केस जास्त पांढरे. डोमाजींच्या आरशातला माणूस माझ्यासमोर उभा होता.

ते डोमाजींचे थोरले भाऊ, दौलतजी. मी नागपूरचा, महालातला, हे कळल्यावर त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि बराच वेळ पिकापाण्याचं बोलले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, तुमी शेजारी, म्हनून इचारतो. त्याच्या मोटारीचं इंजिन दरसाल पोळ्यालेच कसं काय बिघडते?"

मग सगळं बाहेर आलं. बाप वारल्यावर वाटणी झाली. दौलतजींकडे जमीन आली, डोमाजींकडे ढवळ्या-पवळ्याची जोडी. डोमाजींनी जोडी विकून मोटार घेतली. तेव्हा दौलतजी रागाच्या भरात सगळ्या गावासमोर म्हणाले होते, "बैल इकनाऱ्याले पोळा कायचा?" त्यानंतर डोमाजी गावी आलेच नाहीत.

"रागात बोललो. थोरला बोलनारच," दौलतजी म्हणाले. "त्यानं यावं का नाई?"

"एकदा आवतण धाडायचं होतं."

"आवतण बैलाले देतात, मास्तर. भावाले काहून द्याचं? घर त्याचंच हाये."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "दर पोळ्याले एक पान जास्त मांडाले लावतेत. वाट पाहून पाहून मंग उचलतेत अन् बैलाले घालतेत."

"तू गप वं," दौलतजी म्हणाले, आणि त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

मी नागपूरला पोचलो तो पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. ढवळ्या टांगलेला होता आणि डोमाजी लोणी-हळद चोळत होते. मी सरळ फाटक उघडून आत गेलो.

"आवतण होतं का गा तुमाले?"

"नाही. पण मी कुहीवरून येऊन राहिलो. दौलतजींच्या ओट्यावर बसून आलो."

त्यांचा हात थांबला नाही, पण सावकाश झाला. मी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं, थोरल्याचं बोलणं आणि जास्तीचं पानही. डोमाजी इंजिनाकडेच पाहत होते. मग म्हणाले, "बैलाले घालते?"

"हो."

"पुरनाची पोळी?"

"हो, सगळं पान."

"बैलाले पुरन जास्त देऊ नये," डोमाजी म्हणाले. "पोट फुगते. त्याले हे कोनीतरी सांगाले पाह्यजे."

त्या संध्याकाळी ढवळ्याला आवतण मिळालं की नाही, मला ऐकू आलं नाही.

पोळ्याच्या सकाळी खटखट ऐकून मी भिंतीशी गेलो. खांबाला विळखे, आरसा, सगळं तेच होतं. पण आज कुठलाही नट दोनदा धुतला जात नव्हता. दोर सरसर सुटत होता. "घे. तिकडं. बस," एवढंच आरशाला सांगून त्यांनी इंजिन भोकांवर आणलं आणि नट आवळायचे पाने फिरायला लागले. दरसाल तान्हा पोळा उलटेपर्यंत चालणारं काम दुपारच्या जेवणाआधी संपलं. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं डोमाजी इंजिन बसवत नव्हते, पोळा सरायची वाट पाहत होते. मला फार वाईट वाटलं. आपण फाटकाबाहेर उभं राहून एवढी वर्षं नटबोल्टांचे सल्ले दिले.

त्यांनी धुतलेला सदरा घातला, फेटा बांधला आणि पुढं जाऊन हँडल मारलं. मोटार खोकली आणि गप्प झाली. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. तिकडे कुहीला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहायची वेळ जवळ येत होती. एकदा पोळा फुटला, बैल घरोघर पांगले, की मग जाऊन काय उपयोग? डोमाजींचा फेटा घामानं भिजला, हाताला फोड आला. गल्ली फाटकाबाहेर जमलेली, पण सल्ला द्यायला कुणाची जीभ रेटेना.

डोमाजी सरळ उभे राहिले. आमच्याकडे पाहिलं. मग चालत आले आणि दोन्ही हातांनी फाटक सताड उघडलं.

"या," ते म्हणाले. "आवतण हाये. जरा ढकला गा."

आम्ही सगळे आत गेलो. कुणी चाकाला हात लावला, कुणी मागून खांदा. मोटार गल्लीच्या वळणापर्यंत ढकलत नेली तेव्हा कुठं ढवळ्यानं धूर सोडला. डोमाजींनी मागं वळून पाहिलं नाही. बंद पडेल म्हणून असेल.

घरी आलो तर ही भरलं ताट घेऊन भिंतीशी उभी. पलीकडे रिकामी छपरी आणि टांगलेला आरसा.

"आता याचं काय करू?" तिनं विचारलं.

आमच्या घरी त्या दिवशी एक पान जास्त झालं होतं. गल्लीच्या टोकाला तेल्याचा बैल शिंगं रंगवून उभा होता. मी ताट घेऊन तिकडे गेलो आणि त्याला अर्धीच पोळी घातली.